कापूस गेला त्या बंदरावर

(गावच्या सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आपल्या गावातून मुंबईला जाणाऱ्यांची कारणं मी बोटांवर मोजू शकतो. मंत्रालयातलं काम, दवाखाना, पोराची मुलाखत आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमी. चैत्यभूमी काठावरच आहे, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांना समुद्र दिसतो तरी. बाकीचे काम उरकतात आणि रात्रीची गाडी धरून बडनेऱ्याला उतरतात. वीस वेळा मुंबईला जाऊनही ज्यांनी बंदर पाहिलं नाही, अशी माणसं या सभागृहात बसली आहेत. मी आज त्यांच्यासाठी बोलतो आहे. एक दिवस नुसता पाहण्यासाठी काढा. कष्टकऱ्याचा तो हक्क आहे, त्यात उधळेपणा काही नाही.

आणि ते बंदर आपल्याला परकं नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली, पुढे जलंबहून खामगावला फाटा निघाला, तो कापसासाठीच. वऱ्हाडच्या कापसाला व्यापारी ‘ऊमरा’ म्हणत. उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडलेलं ते नाव. मुंबईत या गाठींचे ढीग आधी कुलाब्याला लागत, नंतर शिवडीकडे. तिथल्या लोकल स्टेशनाचं नाव आजही कॉटन ग्रीन आहे, आणि ज्या मार्गावर ते आहे त्याचं नाव हार्बर लाइन. ससून डॉक १८७५ साली बांधला गेला, तोही कापसाच्या व्यापारापोटी. आता तिथे मासळी उतरते. उजाडण्याआधी जाल तर कोळणींच्या लिलावाचा आवाज ऐकाल. आपल्या कास्तकाराने पिकवलेल्या कापसाने ज्या धक्क्यावरून जग पाहिलं, तो धक्का आपण पाहायला नको?

आता दिवस कसा लावायचा ते सांगतो. मुंबई ही जमिनीची लांबट पट्टी आहे. बंदर पूर्वेला, खुला समुद्र पश्चिमेला. म्हणून सकाळ गेटवे ऑफ इंडियाला घालवायची आणि संध्याकाळ मरीन ड्राइव्हला. सूर्य एका पाण्यातून वर येताना आणि दुसऱ्या पाण्यात बुडताना एकाच दिवसात पाहता येतो, तोही बसच्या तिकिटात. गेटवेखाली उभं राहून पोरांना दोन गोष्टी जरूर सांगा. पंचम जॉर्ज १९११ साली आला, त्याच्या आठवणीसाठी ही कमान बांधली आणि १९२४ साली खुली झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून परत गेली.

मागच्या वर्षी तुरी घरात आल्यावर आम्ही अकरा जण गेलो होतो. त्यात आमच्या गल्लीतले आबाजी होते, सत्तरी ओलांडलेले. दर उन्हाळ्यात विहिरीच्या पायऱ्या मोजून पाणी कुठवर राहिलं ते सांगणारा माणूस. त्या दिवशी एकादशी होती. सकाळी नऊला आम्ही गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीची लाँच धरली. पाणी वरच्या पायऱ्यांना लागलं होतं. आबाजींनी कोरड्या पायऱ्या मोजून ठेवल्या. अडीचला परत आलो तर खाली आणखी दहा पायऱ्या उघड्या, शेवाळाने हिरव्यागार, त्यांना शिंपले चिकटलेले. आबाजी काठी टेकवत खाली वाकले, शेवाळावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मला म्हणाले, “मास्तर, एवढं पानी कोनं उपसलं बा?” मग ते तिथून हलेनात. पाणी परत चढताना पाहूनच निघायचं म्हणाले. आम्ही सगळे तासभर बसलो. पहिली पायरी पुन्हा ओली झाली तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. मी त्या शहरात बरंच काही पाहिलं आहे, पण त्या तासाइतकं मन भरून काही पाहिलेलं नाही.

भरती-ओहोटीचं हे गणित किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून करतात, आणि आपल्या पिढीने तर शाळेत पाऊणकी पाठ केलेली आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. एकादशी म्हणजे अकरा पाऊण सव्वाआठ, तेव्हा पूर्ण भरती. पुढे सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत आखायला पुरतो. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते. अष्टमीला भरती सहाची, म्हणजे दुपारी बाराला वाट कोरडी. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास आणि पाणी सगळ्यात जास्त चढतं. त्या दिवशी दुपारी तिकडे जाऊन उपयोग नाही. आणि पावसाळ्यात उधाणाच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पोरांना अजिबात चढू देऊ नका. तिथे माणसं वाहून गेली आहेत.

घारापुरीला लाँचने तासभर लागतो. हा तास झोपेत घालवू नका. डाव्या हाताला गोदी, नांगर टाकून उभी जहाजं, पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन. कंटेनरचा बहुतेक व्यवहार आता तिथूनच चालतो. थंडीत कुरव पक्षी लाँचच्या मागे मागे येतात. बेटावर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दम धरून चढा, आणि खाण्याची पिशवी हातात ठेवू नका, माकडं ओढून नेतात. मुख्य लेण्यात शिरल्यावर लगेच त्रिमूर्तीकडे धावू नका. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. खांबाला टेकून दोन मिनिटं थांबा, मग समोरच्या अंधारातून ते तीन चेहरे हळूहळू वर येतात. मधला शांत, एका बाजूचा उग्र, दुसऱ्या बाजूचा बाईसारखा कोमल. मूर्ती अठरा फुटांच्या घरात आहे, पण डोळे मिटलेले असल्यामुळे तिची भीती वाटत नाही. एकच कातळ फोडून हे सगळं आतून कोरलं आहे, जोडकाम नाही, हे बरोबरच्या गवंड्याला दाखवा. आमच्यातल्या गवंड्याने खांबावरून डोळे काढले नाहीत.

संग्रहालय, राणीची बाग ही ठिकाणं लेकरांना आवडतात, वेळ उरला तर जा. गिरगाव चौपाटीवर संध्याकाळी बसा, भेळ खा, कोणी घाई करत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोट जाते, पण त्याला दुसरा दिवस हवा.

उन्हाचं मात्र नीट ऐका. आपल्याकडचं पंचेचाळीसचं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. तिथे तेहतिसातही घाम वाळत नाही, अंगावरच राहतो, आणि आपला माणूस ‘ऊन कमी आहे’ म्हणून पाणी प्यायचं विसरतो. आमच्यातल्या एका वहिनींना दुपारी भोवळ आली होती. मीठ-साखरेचं पाणी बाटलीत घरूनच न्या. सगळ्यात चांगले दिवस पौष-माघातले.

यंदाही जायचं ठरतं आहे. लेणी सोमवारी बंद असतात आणि माघातली एकादशी नेमकी सोमवारी आली, तर आपण दशमी धरू. दहा पाऊण साडेसात. नऊच्या लाँचला पाणी वरच असेल. आबाजी पुन्हा येणार आहेत. नावं ग्रंथपालांकडे द्या, आणि ज्यांना पायऱ्या उतरायला त्रास होतो त्यांनी ते आधी सांगा, म्हणजे प्रत्येकाजवळ एक तरुण पोरगा ठेवता येईल.