डोकं, डोस्कं, टकुरं

[दृश्य: बेळगाव, गणपत गल्ली. सकाळची गर्दी, कोथिंबिरीच्या जुड्या.]

गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा भाव पाडून मागतंय. भाजीवाली मावशी जुडीवर पाणी मारत म्हणते, "डोस्कं खाऊ नको गा!" पलीकडच्या गाड्यावर हेच कन्नडमधून ऐकू येतं, "तली तिनब्याड!" तली म्हणजे डोकं. खाणारा कुठल्याही भाषेतला असो, खाल्लं जातं ते डोकंच.

१९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. दोन्ही भाषांचा शेजार मात्र त्याच्या कितीतरी आधीचा.

[दृश्य: फळ्यावर खडूनं लिहिलेलं 'डोक्यात', 'डोक्यावर', 'डोक्यावरून'.]

डोक्याच्या वाक्प्रचारांत सगळी करामत प्रत्ययाची आणि क्रियापदाची. 'डोक्यात शिरलं' म्हणजे समजलं. 'डोक्यावरून गेलं' म्हणजे काही म्हणता काही कळलं नाही. 'डोक्यावर बसला' म्हणजे लाडानं शेफारला. आणि एखादा माणूस 'डोक्यात गेला', म्हणजे त्याचं तोंडसुद्धा बघावंसं वाटत नाही.

घोटाळा होतो तो इथंच. कन्नडमध्ये धडा समजला नाही तर 'तलीगे हत्तलिल्ला' म्हणतात. शब्दशः, डोक्याला चढलं नाही. त्या सवयीनं कुणी कौतुकानं म्हणालं, "सर माझ्या डोक्यात गेले," तर मराठी माणूस विचारणार, "का रे, काय केलं सरांनी?" म्हणून शिकवणं डोक्यात शिरतं म्हणावं. 'जाणं' नावडत्या माणसासाठी राखून ठेवावं.

तसंच 'तली केडिस्कोब्याड'चं. शब्द बघितले तर 'डोकं बिघडवून घेऊ नको', पण बोलणारा धीर देत असतो, काळजी करू नको म्हणून. मराठीत "डोकं बिघडलंय काय?" म्हटलं की भांडणच. इथं "डोक्याला ताप करून घेऊ नको" हेच चपखल बसतं.

[दृश्य: कढईत आटत आलेला कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई; फिरणारा उलथणा.]

नवे वाक्प्रचारही रोज घडतात. डोक्याचा भुगा, डोक्याचं भजं, डोक्याचं दही, डोक्याची मंडई. यांचा साचा पक्का आहे: 'डोक्याचा' म्हणायचं आणि पुढं दळलेली, तळलेली, घुसळलेली नाहीतर गोंधळाची गोष्ट ठेवायची. 'डोक्याचा लाडू' जमत नाही, कारण लाडू वळल्यावर आकाराला येतो आणि इथं तर आकार मोडायचा असतो. उद्या कुणी 'डोक्याचा कुंदा' म्हटलं तर मात्र बेळगावकराला लगेच उमगेल. दूध आटेपर्यंत ढवळत राहायचं, हात थांबला की तळ करपलाच! पाहुण्यांच्या चौकश्यांनी डोक्याचं होतं ते हेच.

[दृश्य: टिळकवाडीतला चहाचा गाडा.]

शेवटची गोष्ट मानाची. डोकं सगळीकडे चालतं. डोस्कं घरात आणि ओळखीच्या बाजारात. टकुरं फक्त बरोबरीच्या दोस्तात: "टकुरं फिरलंय काय बे?" हेच वाक्य मामांना किंवा अण्णांना ऐकवलं तर चहा बाजूला राहतो. वडीलधाऱ्यांशी बोलताना डोकं नेहमी आपलं पुढं करावं. "तुम्ही डोकं खाताय" हे उद्धट. "माझं डोकं उठलंय हो मामा, जरा वेळानं बोलूया" हे चालतं, आणि मामाही समजून गप्प बसतात.