गोळी पहिल्या दिवशी, गुण तिसऱ्या आठवड्यात

श्रोतेहो, नमस्कार.

डिप्रेशनसाठी एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन सुरू झालं, की आठवडाभरात घरातून सूर येतो: 'फरक काडीचा नाही, उलट मळमळ वाढली.' तक्रार खरी आहे. पण गोळीचं रासायनिक काम पहिल्या काही तासांतच सुरू झालेलं असतं. मग घोडं अडतं कुठे?

मेंदूच्या देठात, मधल्या रेषेवर, राफे नावाचे चेतापेशींचे पुंजके आहेत. पेशी थोड्या, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूत पोचलेले. त्या सेरोटोनिन, म्हणजे पेशी-पेशींत निरोप पोचवणारं रसायन, सोडतात आणि काम झालं की एक वाहक प्रथिन ते परत आत ओढून घेतं. गोळी या वाहकाला अडवते, त्यामुळे सेरोटोनिन बाहेर साचतं.

आता गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर आलं की बॉलकॉकचा चेंडू उचलला जातो आणि नळ बंद होतो. राफेतल्या पेशींच्या अंगावरही असाच बॉलकॉक असतो, ५-एचटी-१ए नावाचा ग्राही (रिसेप्टर), म्हणजे सेरोटोनिन ओळखणारं प्रथिन. सेरोटोनिन वाढलं की तो पेशीला आवरतो आणि तिची स्पंदनं मंदावतात. या हाताने दिलेलं त्या हाताने गेलं!

रोज तोच मारा होत राहिला की हा ग्राही बधिर होतो. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये साधारण १४ ते २१ दिवसांत पेशींचा वेग पूर्ववत होतो, वाहक मात्र अडलेलाच असतो. सेरोटोनिनचा जोर खऱ्या अर्थाने वाढतो तो तेव्हा. हे सगळं उत्तर नव्हे, पण उशिराचं मोठं कारण आहे.

डिप्रेशनवरच्याच, पण जुन्या पिढीतल्या ट्रायसायक्लिक गोळ्यांची वाट निराळी. द मोंतिन्यी आणि अघाजानियन या संशोधकांनी १९७८ साली दाखवलं, की उंदरांना त्या सलग दिल्यावर पुढच्या मेंदूतल्या पेशी सेरोटोनिनला अधिक जोरात प्रतिसाद देतात. इथे बदलली ती संदेश घेणाऱ्या पेशीची संवेदनशीलता. म्हणूनच 'सेरोटोनिन कमी पडलं, गोळीने भरलं' हा हिशेब मला भाबडा वाटतो.

मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते; गोळी जेवणानंतर घेतली तर बरं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णाला, कमालीची अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

बदललेली पेशी गोळी थांबली म्हणून एका रात्रीत मूळपदावर येत नाही. बरं वाटलं म्हणून पाकीट बाजूला ठेवलं, की दोन-चार दिवसांत गरगरणं, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं सुरू होऊ शकतं. याच जातीच्या पॅरॉक्सेटिन या गोळीचं रक्तातलं प्रमाण साधारण एका दिवसात निम्मं होतं, म्हणून तिथे त्रास जास्त. तिचीच बहीण फ्लुओक्सेटिन; तिचा शरीरात तयार होणारा अंश काही आठवडे रेंगाळतो, म्हणून तिथे त्रास कमी.

डोस उतरवताना एक गणित फसवतं. नेहमीच्या कमीत कमी डोसाला सुमारे ८० टक्के वाहक अडलेले असतात. डोस निम्मा केला तरी ही अडवणूक निम्मी होत नाही, थोडीच उतरते. शेवटच्या छोट्या तुकड्यावरून शून्यावर येताना ती धाडकन कोसळते. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान हव्यात, आणि त्या डॉक्टरांनीच आखून द्याव्यात. काही जण एक दिवसाआड गोळी घेऊन डोस कमी करतात. पॅरॉक्सेटिनसारख्या गोळीत त्याने रक्तातली पातळी रोज वर-खाली होते. त्यापेक्षा लहान डोस, पण रोज.