स्पिनरचे चेंडू कोण मोजतं?

(क्रिकेट प्रशिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

वेगवान गोलंदाजानं आठवड्यात किती षटकं टाकली, याची नोंद ठेवणारे इथं किती जण आहेत? बरेच आहेत, छान. आता स्पिनरच्या षटकांची नोंद कोण ठेवतं? एवढेच हात?

कारण समज असा की चार पावलं चालायची, चेंडू सोडायचा, त्यात दुखायचंय काय! आता कसोटीत सर्वाधिक बळी घेणारे तीन स्पिनर बघा. मुरलीधरन ८००, शेन वॉर्न ७०८, अनिल कुंबळे ६१९. तिघांच्याही खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. वॉर्नची १९९८ मध्ये, मुरलीची २००४ मध्ये. २००१ च्या ज्या मालिकेत हरभजननं ऑस्ट्रेलियाचे ३२ बळी काढले, तिथं कुंबळे याच कारणानं नव्हता. तिघांची शैली पाहा. एक मनगटानं प्रचंड वळवणारा, एक उंचावरून वेगात टाकणारा, एक मनगटी ऑफस्पिनर. म्हणजे दोष अमुक एका ॲक्शनवर ढकलून मोकळं होता येत नाही. या तिघांत सारखं काय असेल, तर टाकलेल्या चेंडूंची संख्या.

खांद्याचा सांधा मुळात उथळ. बशीत मोठं लिंबू ठेवावं तसा. म्हणून तर हात एवढा फिरतो. त्या लिंबाला जागेवर धरतात ते चार लहान स्नायू, ज्यांना रोटेटर कफ म्हणतात. चेंडू हातातून सुटला की आपल्याला वाटतं काम झालं. खांद्याचं अर्धं काम तेव्हा सुरू होतं, कारण जोरात निघालेला हात थांबवायचा असतो. हा ब्रेक लावतात खांद्यामागचे स्नायू. आपली जिमला जाणारी मुलं छाती भरतात, पाठ विसरतात. इंजिन मोठं, ब्रेक जुनेच.

स्पिनर पुढच्या पायावर नीट वळला, कंबर फिरली, हात शरीरापलीकडे गेला, तर जोर वाटला जातो. थकल्यावर पहिली सुटते ती कंबर. मग मुलगा नुसत्या हातानं टाकतो. टप्पा पडतोही बरोबर, म्हणून कोच काही बोलत नाहीत. सगळा भार मात्र एकट्या खांद्यावर आलेला असतो.

कुणी ज्येष्ठ लगेच म्हणतील, आमच्या वेळी डावखुरे स्पिनर बापू नाडकर्णींनी १९६४ मध्ये मद्रासला ३२ षटकांत २७ निर्धाव टाकली, ५ धावा दिल्या. मुंबईचे स्पिनर पद्माकर शिवलकर चाळिशी उलटल्यावरही टाकत होते, प्रथम श्रेणीत ५८९ बळी. खरं आहे, आदरच आहे. पण सतराव्या वर्षी खांदा गेला म्हणून खेळ सोडलेल्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. आणि हंगाम संपला की तेव्हा चेंडू खाली ठेवला जायचा. आज अकरा वर्षांच्या मुलाला सकाळी शाळेचं नेट, संध्याकाळी अकॅडमी, रविवारी सामना. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगसारखं क्रिकेट असेल, तर ओला चेंडू हातातून निसटतो आणि घट्ट पकडायच्या नादात खांदाही ताठतो. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी नियमांत १३३ ते १४४ ग्रॅमचा हलका चेंडू आहे, पण लहान मुलांच्या हातीसुद्धा सर्रास मोठ्यांचाच, १५६ ते १६३ ग्रॅमचा चेंडू देतात.

नेटमध्ये वेगवान गोलंदाज दमतो, बसतो. स्पिनर लगेच पुढचा चेंडू टाकायला तयार. फलंदाजाला सराव हवा म्हणून तोच टाकत राहतो. मग क्षेत्ररक्षणाचा सराव, सीमारेषेवरून थ्रो. हे थ्रो कुणीच मोजत नाही, आणि माझ्या मते निम्मी गोष्ट तिथंच आहे. वॉर्नचा खांदा २००२ च्या डिसेंबरमध्ये निखळला तो गोलंदाजी करताना नव्हे, क्षेत्ररक्षणात झेप घेताना. तेव्हा वहीत सामन्याचे चेंडू, नेटचे चेंडू आणि लांबचे थ्रो, तिन्ही लिहा. आकडा किती असावा, असं विचारतात. सगळ्यांना लागू पडेल असा एकच आकडा मी देणार नाही. गेल्या महिन्याच्या सरासरीपेक्षा या आठवड्याचा आकडा एकदम फुगला, तर सावध व्हा. परीक्षेनंतरच्या सुट्टीत नेमकं तेच होतं.

दुखतंय असं मुलगा उशिरा सांगतो, संघातून काढतील म्हणून. त्याआधी खेळ सांगतो. फ्लाइट, म्हणजे चेंडूला हवेत दिलेली उंची, कमी होते. लेगस्पिनर गुगली, म्हणजे उलट्या दिशेनं वळणारा चेंडू, टाकायचं टाळतो. सीमारेषेवरून अंडरआर्म फेकतो, किंवा शेजारच्याकडे चेंडू देतो. हे दिसलं की बाम चोळून परत नेटमध्ये पाठवू नका.

व्यायामाचं थोडक्यात: कोपर बरगडीला लावून रबर बँड बाहेरच्या बाजूला ओढणं, बँडनं रोइंग, भिंतीवर पुश-अप करून शेवटी पाठ आणखी मागे ढकलणं. आठवड्यातून तीनदा, बारा महिने. आणि सामन्यात कप्तान चेंडू देईल त्याच्या दोन षटकं आधीपासून मिडऑफला उभ्या उभ्या हात सैल करून घ्यायचे. वेगवान गोलंदाजाला धावण्यानं ऊब मिळते, स्पिनर थेट थंड खांद्यानं टाकतो.

त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर जात नसेल, मुंग्या येत असतील किंवा खांदा निखळल्यासारखा वाटत असेल, तर थेट अस्थिरोगतज्ज्ञाकडे. एमआरआयचा अहवाल वाचून मात्र घाबरू नका. न दुखणाऱ्या खांद्यांतही झीज आणि बारीक फाटणं दिसतं. उद्या फायनल आहे म्हणून इंजेक्शन मागणाऱ्या पालकांना मी नकार देतो. वेदना दबते, कारण तिथंच राहतं.

परत येताना आधी उभ्यानं, अर्ध्या जोरानं, थोडे चेंडू, एक दिवस आड. मग रनअप, मग पूर्ण जोर, मग गुगली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक पायरी मागे. लांबचे थ्रो सगळ्यात शेवटी. तोवर त्याला स्लिपमध्ये, यष्टिरक्षकाच्या शेजारी, उभं करा.