बर्ग्यांचा रकाना

प्रास्ताविकात सांगितलं गेलं की मी ‘पर्यावरणाच्या कामासाठी निधी कसा मिळवावा’ यावर बोलणार आहे. निधी मिळवणं हा या विषयातला त्यातल्या त्यात सोपा भाग. म्हणून मी अर्जाऐवजी एका बंधाऱ्यापासून सुरुवात करतो.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. पाऊस ओसरत आला की गाळ्यांमध्ये बर्गे, म्हणजे लोखंडी फळ्या, टाकायचे, पाणी अडतं. पुढच्या पावसाळ्याआधी ते काढून ठेवायचे. आमच्या संस्थेने एका गावातला असा जुना बंधारा अनुदानातून दुरुस्त केला. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाले, पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्रही वेळेत गेलं. दोन वर्षांनी गेलो तर बंधारा जागच्या जागी आणि पात्र कोरडं. निम्मे बर्गे भंगारात गेलेले, उरलेल्यांचं रबर फाटलेलं. बर्गे टाकायला-काढायला मजूर लागतात, ठेवायला जागा लागते, रबर बदलावं लागतं. आमच्या प्रस्तावात यातलं काहीच नव्हतं. अर्जात तसा रकानाच नव्हता, आणि आम्हीही तो मागितला नाही. चूक आमची होती.

आता पैसा कुठून येतो ते बघा. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या किंवा ५ कोटींच्या वर नफा असलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला लावली. त्याला आपण सगळे सीएसआर म्हणतो. पण नियमांनुसार अनेक वर्षांचा प्रकल्पसुद्धा सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. माळरानावर लावलेल्या वडाला हे कोण सांगणार? परदेशी निधीचंही तसंच. त्याच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेकडे वळवायचा नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. खेड्यातल्या लहान मंडळांना मोठ्या संस्थांच्या हातून जे मिळायचं, ती वाट बंद झाली. गैरवापर रोखायचा म्हणून नियम आले, हे मला मान्य आहे. पण बैठका घेणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार आणि एसटीचं भाडंही याच ‘प्रशासकीय’ खात्यात ढकललं जाऊ शकतं. गावाला एकत्र बसवणं हे काम आहे, असं अजून बऱ्याच जणांना वाटतच नाही!

याच्या उलट चाल आपल्याच राज्यात होऊन गेलीय. फादर हर्मन बाखर हे स्विस धर्मगुरू. नगर भागात, आताच्या अहिल्यानगरमध्ये, त्यांनी आयुष्य घातलं. त्यांच्या पुढाकाराने जर्मन सरकारचा पैसा नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेमार्फत पाणलोटाच्या कामाला आला. १९९३मध्ये त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट उभी केली. जर्मन पैशाच्या त्या पाणलोट कार्यक्रमात गावाला पैसा लगेच मिळत नसे. आधी श्रमदान करून दाखवा, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळा, ग्राम पाणलोट समिती निवडा. मग पाणलोटाच्या एका लहान तुकड्यावर काम करा. ते जमलं तरच पूर्ण प्रकल्प. शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून गटवार आराखडा व्हायचा, आणि देखभालीसाठी गावाचा वेगळा निधी साठवला जायचा. म्हणजे बर्ग्यांचा रकाना पहिल्या दिवसापासून होता.

चराईबंदी म्हणायला सोपी. ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्याच आहेत, त्याच्या पोटावर ती आधी येते. त्याला विचारल्याशिवाय घेतलेला ठराव मी गावाचा ठराव मानत नाही.

हिवरे बाजारचं नाव निघतंच, म्हणून थोडक्यात. पोपटराव पवार १९८९मध्ये सरपंच झाले. चर खणायला आणि बंधारे घालायला तिथेही सरकारी योजनांचाच पैसा वापरला गेला. वेगळेपण आहे ते पाणी आल्यानंतरचं. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. यातल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. म्हणूनच बहुधा तिची नक्कल कमी होते.

तुमच्यापैकी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, ‘मग अर्जात नेमकं काय लिहू?’ जागतिक पर्यावरण सुविधा या आंतरराष्ट्रीय निधीचा १९९२पासून चालणारा लघु अनुदान कार्यक्रम असो किंवा तालुक्याच्या गावातली एखादी कंपनी असो, तीन ओळी मी आता सोडत नाही. काम संपल्यावर मालकी कुणाची? दरवर्षी खर्च किती? तो कुठून येणार? देणारा या ओळी खोडतो, तेव्हा मी रक्कम कमी करून मागतो, पण ओळी ठेवतो. दोनदा नकारही आलाय.

त्या बंधाऱ्याचं राहिलंच. पुढे गावाने ओलिताखालच्या एकरामागे वर्गणी बसवली. पहिल्या वर्षी निम्म्यांनीच भरली, त्यावरून भांडणंही झाली. जमाखर्च मारुतीच्या देवळाबाहेरच्या फळ्यावर लिहायला लागल्यावर थकबाकीदारांची नावंही सगळ्यांना दिसू लागली आणि वसुली वाढली. गेल्या वर्षी बर्गे ऑक्टोबरमध्ये पडले. नवं रबर त्यांनी कुठून आणलं, मला माहीत नाही. माझ्याकडे कुणी मागायला आलं नाही.