गुठळी नव्हे, व्रण

निळ्या कापडावर मांडलेला हा पिवळसर तुकडा नीट पाहा. एका जाड बुंध्याला फांद्या फुटल्या आहेत, फांद्यांना काटक्या, आणि टोकाशी दोऱ्याइतके बारीक तंतू उरले आहेत. फुप्फुस धमनीच्या आतून नुकताच सोलून काढलेला हा ऐवज आहे. याला गुठळी म्हणण्याचा प्रघात असला, तरी खरे तर हा व्रण आहे.

पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर बहुतेकांमध्ये ती विरघळून जाते. काहींमध्ये मात्र रक्त पातळ करणारी औषधे तीन महिने घेऊनही ती उरते, तंतुमय होते आणि धमनीच्या अस्तराशी एकजीव होते. एरवी विश्रांतीत सरासरी १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असणारा तिथला दाब २० च्या वर जातो आणि हृदयाची उजवी बाजू थकू लागते. जिना चढताना लागणारी धाप मात्र वयाच्या किंवा दम्याच्या खाती जमा होते, आणि फुप्फुसात हवा व रक्त कुठे पोहोचते हे दाखवणारा व्हीक्यू स्कॅन करायचे कुणाच्या मनातच येत नाही.

पल्मनरी एंडार्टरेक्टॉमी ही यावरची शस्त्रक्रिया. हृदयाचे काम हार्ट-लंग मशीनकडे सोपवले, तरी श्वासनलिकांच्या धमन्यांतून फुप्फुसात रक्त झिरपतच राहते, आणि रक्ताने भरलेल्या नळीत अस्तराचा थर ओळखता येत नाही. म्हणून शरीराचे तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून रक्ताभिसरण चक्क थांबवले जाते. एका वेळी साधारण २० मिनिटे मिळतात. तेवढ्यात शल्यविशारदाला नेमका थर पकडावा लागतो: वरवर सोलले तर अडथळा आतच राहतो, खोल गेले तर धमनीची भिंत फाटते. थर जमला, की चिमट्यात धरलेले टोक हलकेच ओढत, भिंत मागे सारत, एकेका फांदीचा पाठलाग सुरू होतो.

अडथळा फार बारीक शाखांत असेल, तर हात तिथवर पोहोचत नाही. मग फुग्याने वाहिनी रुंदावणे किंवा २०१३ पासून उपलब्ध असलेले रिओसिग्वाट हे औषध, असे पर्याय उरतात. शस्त्रक्रिया साधली, तर दाब बऱ्याचदा टेबलावरच उतरतो. पुढचे काही दिवस नव्याने रक्त मिळू लागलेल्या भागांत पाणी साचण्याचा धोका असतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर चालू राहते.