ज्याचं बारसंच झालं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बोलण्यात एक शब्द अगदी सहज येतो, भस्मासुर. माणसानं काहीतरी उभं केलं आणि ते त्याच्याच मुळावर उठलं, की आपण म्हणतो, भस्मासुर झाला. इंग्रजी बोलणारे तिथे 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणतात. १९९२मध्ये जनुकं बदललेल्या अन्नाला 'फ्रँकनफूड' हे नाव मिळालं, तेही न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका वाचकाच्या पत्रातून. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा निघाली की तोच शब्द पुन्हा कानावर येतो. मी वर्गात हा शब्द समजावताना कितीतरी वर्षं भस्मासुराचाच दाखला देत आले. मग एका सुट्टीत, हा शब्द जिथून आला ती मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी सावकाश पुन्हा वाचली आणि वाटलं, तिच्यातल्या त्या माणसानं घडवलेल्या जिवावर आपण फार मोठा अन्याय करतोय.

ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५मध्ये, इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याचा पडदा आभाळावर असा धरला की १८१६ साली युरोपात धड उन्हाळा आलाच नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी कवी बायरनच्या बंगल्यात मेरी, पुढे तिचा नवरा झालेला कवी शेली आणि इतर मंडळी पावसानं अडकून पडली. भुताच्या गोष्टी वाचून झाल्या, तेव्हा बायरन म्हणाला, आता प्रत्येकानं आपापली एक लिहा. मेरीची गोष्ट वाढत गेली आणि १ जानेवारी १८१८ला लंडनमध्ये तीन भागांत छापून आली. प्रती फक्त ५००, आणि लेखिकेचं नाव कुठेच नाही.

पण पावसाळी रात्रींपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती तिच्या डायरीतली एक नोंद. मेरीला जन्म देऊन तिची आई थोड्याच दिवसांत गेली होती. १८१५मध्ये मेरीचं स्वतःचं पहिलं बाळ, दिवस भरायच्या आत जन्मलेलं, दगावलं. त्यानंतर तिला स्वप्न पडलं: बाळ गेलंच नव्हतं, नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढे धरून चोळलं आणि ते जगलं. हे स्वप्न पाहिलेल्या मुलीनं निर्जीव देहात प्राण फुंकणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिली, हे लक्षात ठेवून पुढचा प्रसंग ऐका.

नोव्हेंबरची रात्र. खिडकीवर पावसाचा आवाज, मेणबत्ती विझत आलेली. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा तरुण जवळजवळ दोन वर्षं खपून तयार केलेल्या देहाकडे बघतोय. देहाचा पिवळट डोळा उघडतो, छाती हलते. आणि व्हिक्टर पळतो! ज्यासाठी झोप सोडली, घरच्यांना पत्रं लिहिली नाहीत, ते समोर जिवंत झाल्यावर त्याला किळस येते. तो दुसऱ्या खोलीत जाऊन पडतो. जाग येते तेव्हा तो जीव पलंगाचा पडदा वर करून त्याच्याकडे बघत उभा असतो. तोंडातून अर्धवट आवाज, चेहऱ्यावर हसू, एक हात पुढे केलेला.

अहो, तान्हं मूल दुसरं काय करतं?

व्हिक्टर पुन्हा पळतो, जिना उतरून अंगणात. त्या जिवाला कोणी खायला देत नाही, बोलायला शिकवत नाही, नाव ठेवत नाही. तो एका झोपडीच्या भिंतीला लागून असलेल्या खोपटात लपतो आणि फटीतून आतल्या कुटुंबाकडे बघत भाषा शिकतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं आणून ठेवतो. घरातला म्हातारा आंधळा आहे. एके दिवशी बाकीचे बाहेर गेलेले पाहून तो म्हाताऱ्यासमोर जाऊन बसतो, आणि म्हातारा त्याच्याशी माणसासारखं बोलतो. मग मुलं परततात. त्यांना डोळे आहेत. मुलगा त्याला काठीनं झोडपतो. पुढचे खून, सूड सगळं यानंतर येतं.

भस्मासुराला निदान वर तरी मिळाला होता. याला काय मिळालं? खुनाला मी माफी देत नाही. पण वर मिळून उन्मत्त झालेला आणि जन्मताच वाऱ्यावर सोडलेला, हे दोघं एकाच नावानं कसे ओळखायचे?

१९३१च्या हॉलिवूड चित्रपटानं त्याला सपाट कपाळ दिलं, मानेत लोखंडी खुंट्या दिल्या आणि त्याची वाचाच काढून घेतली. मेरीचा हा जीव तर प्राचीन चरित्रकार प्लुटार्क आणि इंग्रज कवी मिल्टन वाचतो, मोठमोठे युक्तिवाद करतो! आज जगभर आठवतो तो चेहरा चित्रपटातला आहे. आणि बनवणाऱ्याचं आडनाव लोक त्यालाच लावू लागले, ते एकोणिसाव्या शतकापासून.

१८२३च्या ऑगस्टमध्ये विधवा मेरी इटलीहून लंडनला परतली, तेव्हा तिच्या कादंबरीवरचं नाटक जोरात चाललं होतं. ती बघायला गेली. पात्रांच्या यादीत त्या जिवाच्या नावाच्या जागी नुसती रेघ मारलेली होती, आणि पुढे नटाचं नाव. तिला ते आवडलं, तसं तिनं पत्रात लिहिलंय. एकशेआठ वर्षांनी आलेल्या त्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत मात्र नटाचंही नाव नव्हतं. तिथे प्रश्नचिन्ह होतं.