नवरदेवाचं घंगाळ

नमस्कार श्रोतेहो. आज अडलेल्या कोंबडीविषयी बोलू. अंडं पोटात तयार आहे, कोंबडी जोर करतेय, पण ते बाहेर येत नाही.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी तुम्हाला सांगायला नको. ती फुगून एकाच जागी बसते आणि हात घातला की टोचते. अडलेली तशी नसते. ती बसते, उठते, परत बसते. शेपूट खाली, पंख सैल, दाण्याकडे लक्ष नाही, आणि मागची जागा सारखी धापल्यासारखी हलते. खुडुकीला आपण गार पाण्यात बुचकळतो. अडलेलीला गार पाणी नाही. कोमट. लक्षात ठेवा, कोमट.

आता चोपडा तालुक्यातल्या एका लग्नाची गोष्ट सांगतो. वैशाखातली हळद. अंगणात मांडव, आणि नवरदेवाच्या आंघोळीसाठी पितळी घंगाळ भरून उन्हात ठेवलेलं. आपल्याकडे त्या दिवसांत पाणी तापवायला चूल लागत नाही. मांडवात डीजे असा की ताटं थरथरत होती. आणि ताटं कसली, तर प्लास्टिकची! केळीच्या मुलखात पंगतीला केळीचं पान मिळू नये? असो.

तर त्या गोंधळात घरच्या जिजींचं लक्ष गेलं कोंबडीकडे. तांबडी, गावठी, पहिल्याच वर्षाची. भिंतीशी उभी, मान आखडलेली. जिजींनी तिला काखेत घेतलं, शेपटीखाली हलकेच बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "आडनी रे हाई." नवरदेवाचा चुलतभाऊ पुढे आला, बाह्या सरसावून. म्हणे दाबून काढतो. जिजी कडाडल्या, "दाबू नको रे भाऊ! अंडं पोटमा फुटनं ते मरी जाई ती."

आणि सरळ निघाल्या घंगाळाकडे. पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, चटका बसला. रांजणातलं दोन तांबे गार पाणी ओतलं, परत कोपर. मग कोंबडीला पोटापर्यंत पाण्यात बसवलं, डोकं वर, एक हात पंखांवरून. नवरदेव पाटावर, अंगभर हळद वाळून तडकतेय. तो म्हणाला, जिजी, माझी आंघोळ? जिजी म्हणाल्या, "तुना जीव जाई ऱ्हायना का रे? बस गुपचूप." करवल्या हसून लोळायच्या बाकी राहिल्या. डीजेवाल्याला मात्र जिजींनी बंद करायला लावलं. मला त्या बाई तिथेच आवडल्या.

वीसेक मिनिटं कोंबडी पाण्यात होती. आधी धडपडली, मग डोळे मिटायला लागली. बाहेर काढून कोरडी पुसली, हळदीसाठी आणलेलं खोबरेल मागच्या जागेला बोटाने लावलं आणि पापडाचे डबे ठेवलेल्या अंधाऱ्या खोलीत पाटीखाली झाकली. शेजारी पाण्याची वाटी. दारावर एक म्हातारे काका बसवले, कोणी डोकावू नये म्हणून. वऱ्हाड जेवायला बसलं तेव्हा आतून कॉक् कॉक् ऐकू आलं. अंडं केवढं! लांबट, टरफलावर रक्ताची बारीक रेघ. दुसऱ्या दिवशी फोडलं तर आत दोन बलक.

जिजींनी केलं तेच करायचं. कोमट पाणी, कोरडं पुसणं, तेल, अंधार, शांतता. आणि दाबायचं नाही. हे मी परत सांगतो, दाबायचं नाही. टरफलाचे तुकडे आतून फाडतात, मग आत सडतं आणि कोंबडी हातची जाते. संध्याकाळपर्यंत अंडं आलं नाही, तर दवाखान्यात न्या. रात्र उलटू देऊ नका.

कोंबडी का अडते? कधी अंडं मोठं असतं, कधी कोंबडी फार कोवळी किंवा फार चरबटलेली असते, पण बरेचदा कॅल्शियम कमी पडतं. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि अंडं ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागतं. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ती लागेल तेवढा खाते. आपल्या जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत कोंबडी खाते कमी, धापते जास्त, टरफल पातळ पडतं. आणि तरी लोक खुराड्यावर पत्रा टाकतात! वर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या टाका, पाणी दोनदा बदला.

अंडं आल्यावरही मागे लाल मांस बाहेर दिसलं, तर तिला लगेच वेगळी ठेवा. बाकीच्या कोंबड्या लाल दिसलं की टोचून टोचून जीव घेतात. मांस स्वच्छ कोमट पाण्याने धुऊन ओलं ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या आठवड्यात मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीविषयी बोलू. नमस्कार.